संशोधकाला मास्तर कोण करणार?

गावच्या शाळेत नवे गुरुजी रुजू होतात, तेव्हा त्यांच्या गाठीला कितीतरी सरावपाठ असतात. टाचण काढायचं, फळा नीट वापरायचा, मागल्या बाकावरच्या पोराला बोलतं करायचं, हे सारं अध्यापक विद्यालयात गिरवून घेतलेलं असतं. आणि पाठ चालू असता मागे कुणी अनुभवी शिक्षक वहीत शेरे लिहीत बसलेले असतात. श्रोतेहो, नामांकित विद्यापीठांतले कित्येक प्राध्यापक असा एकही पाठ न देता वर्गावर उभे राहिले, असं मी सांगितलं तर तुम्हांला नवल वाटेल. पण गोष्ट खरी आहे.

उदाहरण घेऊ जैव-अभियांत्रिकीचं. कृत्रिम गुडघा, हृदयाचा पेसमेकर, डायलिसिसचं यंत्र ही या विद्येची कामं. अमेरिकेत व्हिटेकर फाउंडेशन या संस्थेने १९७५ पासून २००६ पर्यंत या विषयासाठी मोठा पैसा ओतला. खाती निघाली, इमारती उठल्या. शिकविणारे मात्र कुणी यंत्रशास्त्रातून आले, कुणी रसायनातून, कुणी वैद्यकातून. समोर विद्यार्थी असे, की एकाला गणित येतं पण पेशी कशी चालते ते ठाऊक नाही, तर दुसऱ्याचं नेमकं उलट! एका खोलीत दोन इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींना ही अडचण मी काय समजावून सांगावी?

रॉबर्ट लँगर यांचीच हकिकत पाहा. १९७४ साली एमआयटीतून त्यांनी रसायन अभियांत्रिकीतली डॉक्टरेट मिळविली. बरोबरीचे बरेच जण तेल कंपन्यांत गेले. हे गेले बोस्टनच्या मुलांच्या इस्पितळात, ज्यूडा फोकमन या शल्यविशारदांच्या हाताखाली. डॉक्टरेटनंतरच्या अशा उमेदवारीला पोस्टडॉक म्हणतात. मोठ्या रेणूंचं औषध प्लॅस्टिकसारख्या पदार्थातून हळूहळू कसं झिरपत ठेवावं, हे त्यांनी तिथे दाखविलं. १९७६ साली ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. एवढं करूनही रसायन अभियांत्रिकीच्या खात्यांत त्यांना जागा मिळेना. अखेर मिळाली ती पोषणशास्त्राच्या खात्यात! अनुदानाचे पहिले नऊ अर्जही नामंजूर झाले. पुढे २०१० साली मॉडर्ना कंपनी स्थापन करणाऱ्यांत हेच गृहस्थ होते. कोविडची लस काढणारी, तीच ही कंपनी. लँगर चिवट निघाले. पण जे तिसऱ्याच अर्जाला खचले असतील, त्यांची नावं आपल्याला कोण सांगणार?

ही उणीव तिकडे ध्यानात आली आहे. १९९३ साली भावी प्राध्यापकांच्या तयारीची एक योजना सुरू झाली. पीएच.डी.चा विद्यार्थी दुसऱ्या, बहुधा लहान, महाविद्यालयात जातो, तिथल्या प्राध्यापकाचा दिवस कसा जातो ते जवळून पाहतो. २००६ साली सरकारच्या आरोग्यसंशोधन संस्थेने एक अनुदान जाहीर केलं: फार तर दोन वर्षं गुरूच्या छायेत, आणि पुढची तीन स्वतःच्या पायांवर. पैसा उमेदवाराबरोबर नव्या जागी जातो. मला ही युक्ती फार शहाणपणाची वाटते. वासराला एकदम तोडत नाहीत, तसंच आहे हे.

नेमणुकीच्या मुलाखतीत ‘चॉक टॉक’ नावाचा एक प्रकार असतो. चित्रांच्या पट्ट्या नाहीत, पडदा नाही. हाती खडू, समोर फळा, आणि येत्या पाच वर्षांत काय करणार ते सांगा! वाक्य पुरं होण्याआधी प्रश्न येतात. पैसा कुठून आणाल? हा प्रयोग फसला तर? विद्यार्थ्यांना काय काम द्याल? भले भले संशोधक इथे अडखळतात. म्हणून चांगले मार्गदर्शक आपल्या पोरांकडून याची आधीच दोन-चारदा तालीम करून घेतात.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अध्यापनाचं शिक्षण घेणं आवश्यक केलं आहे. आठवड्याला चार ते सहा तास शिकवणीचं किंवा प्रयोगशाळेचं कामही त्यांना देता येतं. त्या तासाला मागच्या बाकावर वही घेऊन कुणीतरी बसावं, एवढीच माझी पुरवणी आहे.