भुयारातला रोजचा प्रवास

(रौप्यमहोत्सवी कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण, थोडे संक्षिप्त करून)



मला सांगितलं होतं, सोसायटीच्या जुन्या आठवणींवर बोला. पण पंचवीस वर्षांच्या पाणीटंचाईवर आणि मेंटेनन्सच्या थकबाकीवर बोलणारे माझ्याहून जाणकार इथे बसले आहेत. थकबाकीदारही बसले आहेत, असो. बँकेत जन्म गेलेल्या माणसाच्या तोंडातून तो शब्द सुटत नाही. मी बोलणार आहे पुण्याच्या मेट्रोवर. आपल्यापैकी बऱ्याच जणांची मुलं-मुली पुण्यात आहेत. आज ना उद्या तुम्हालाही तिकडे जाऊन राहावं लागेल, म्हणून.

गेल्या वर्षी आमच्या सौ.चं ऑपरेशन झालं, ते सर्वांना माहीत आहे. तुमच्या घरचे डबे आम्ही विसरलेलो नाही. पुढे डॉक्टरांनी रेडिएशन सांगितलं, आपल्याकडे ज्याला ‘लाईट देणं’ म्हणतात. पंचवीस वेळा, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे पाच आठवडे. मुलगी राहते पिंपरीत, संत तुकारामनगरला, आणि दवाखाना मंडईच्या बाजूला. मुलगी-जावई दोघंही नोकरीवाले. पहिले दोन दिवस जावयांनी गाडीने नेलं-आणलं. ते चकार शब्द बोलले नाहीत, पण सिग्नलला थांबल्यावर फोनवर त्यांच्या साहेबांना कारणं सांगत होते, ती मी मागच्या सीटवरून ऐकत होतो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आम्ही दोघं मेट्रोने जातो.

सौ. म्हणाल्या, “अहो, ती जमिनीखालून जाते ना? अंधारीसारखी?”

आपल्या खुलताबादच्या माणसाला दौलताबादची अंधारी समजावून सांगायला नको. लग्न झालं त्या वर्षी आम्ही किल्ल्यावर गेलो होतो. गाईडने मशाल पेटवली, वरून वटवाघळं उडाली आणि ह्या चार पावलांवरून मागे फिरल्या. पुढे कितीदा पाहुण्यांना घेऊन किल्ल्यावर गेलो, पण ह्या खालीच झाडाखाली बसायच्या. (पहिल्या रांगेत बसल्या आहेत, म्हणून बेताने सांगतो.)

तर थोडी माहिती. पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटला जाणारी ही मेट्रो खडकीपर्यंत खांबांवरून जाते. खडकी हे नाव ऐकून मला मौज वाटायची, कारण आपल्या संभाजीनगरचं मलिक अंबरच्या काळातलं नावही खडकीच. त्यानंतर गाडी जमिनीत शिरते आणि पाच स्टेशनं खाली लागतात : शिवाजीनगर, जिल्हा न्यायालय, कसबा पेठ, मंडई, स्वारगेट. जिल्हा न्यायालयाचं स्टेशन सुमारे ३३ मीटर खोल आहे. त्याच्या पुढे गाडी मुठा नदीच्या खालून जाते. शेवटचा टप्पा, न्यायालय ते स्वारगेट, २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. उद्घाटन खरं २६ ला होतं, पण पावसाने रद्द झालं. पाऊस झाला की कार्यक्रम लांबतो, आपल्या गणपतीसारखंच. बोगदे खोदणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा, पवना अशी नद्यांची नावं दिली होती. जमिनीखालच्या कामाचं आपल्या जिल्ह्याला नवल नसावं. मलिक अंबरने चारशे वर्षांपूर्वी भुयारी नहरीतून शहराला पाणी आणलं होतं.

पहिल्या दिवशी गाडी खाली उतरू लागली तशा सौ.नी डोळे मिटले आणि माझा दंड धरला. डबा दिव्यांनी लख्ख होता, बाहेर नुसती काळी भिंत. मी एकेक स्टेशनाचं नाव कानाशी सांगत होतो. मंडई आल्यावर त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाल्या, “झालं? एवढंच?” दंडावर बोटांचे ठसे मात्र संध्याकाळपर्यंत होते.

चूक माझ्याकडून झाली, आठव्या की नवव्या दिवशी. जिल्हा न्यायालय स्टेशनवर दोन मार्ग येतात, आपला खाली आणि वनाझ-रामवाडीचा वर. परतताना मी घाईत मंडई समजून तिथेच उतरलो तो... नाही, उलट सांगतोय. जाताना उतरलो, आणि चूक लक्षात आल्यावर पुढच्या गाडीसाठी लिफ्टने गेलो ते थेट वरच्या फलाटावर. बोर्ड न वाचता चालत सुटलो होतो. सौ. म्हणाल्या, “आयुष्यभर लोकांना फॉर्म नीट वाचून सही करा म्हणालात.” त्या दिवसापासून पुढे त्या चालायच्या, मागे मी.

दोन आठवड्यांनंतर त्यांना थकवा येऊ लागला. फलाटावरच्या बाकावर बसून दोन गाड्या सोडायच्या, तिसरीत चढायचं. गाडी पुन्हा थोड्या वेळात येतेच, त्यामुळे सोडल्याची खंत नसते. आपली शेवटची एसटी सुटली की काय होतं, ते तुम्ही जाणताच. एकदा भाजी घेऊ म्हणाल्या. महात्मा फुले मंडईत शिरून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, घासाघीस करून. त्या दिवशी मला हायसं वाटलं.

शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला एक गोष्ट सांगितली. लाईट देताना त्या खोलीत कोणालाच थांबू देत नाहीत. दार बंद होतं, हलायचं नाही. पहिले दोन दिवस त्यांना अंधारीच आठवली होती. मेट्रो सुरू झाल्यावर त्या डोळे मिटून मनात स्टेशनं म्हणू लागल्या, संत तुकारामनगरपासून. मंडई यायच्या आत दार उघडायचं. हे मला वीस दिवस माहीत नव्हतं.

आता कामाचं. तिकीट जास्तीत जास्त ३५ रुपये, शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत. एसटीत मी ज्येष्ठ म्हणून आणि सौ. महिला म्हणून अर्ध्या तिकिटात जातो, इथे आम्ही पूर्ण तिकीट काढायचो. एक लक्षात ठेवा, संभाजीनगरची एसटी आता शिवाजीनगरला नाही, वाकडेवाडीला उतरवते. मेट्रोसाठीच तो स्टँड हलवला. आम्हाला तिथून सामानासकट रिक्षा करावी लागली.

माझ्याकडे मेट्रोचं कार्ड आहे, त्यात सव्वाशेच्या आसपास रुपये शिल्लक असावेत. पुण्याला जाणाऱ्याने आमच्याकडून घेऊन जावं. परत आणून दिलं तर बरं, नाही दिलं तर थकबाकीत नाव लिहीन.