मावशीचें गांव

माय मरो पण मावशी उरो, असें आपण सहज म्हणून जातों. मावशी म्हणजे हक्काचें माणूस. तिच्या घरीं जावयास आमंत्रण लागत नाहीं, आणि गेल्यावर परतण्याची घाईहि नसते. पण जिला कधीं डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं, जिची भाषा वेगळी, धर्म वेगळा आणि घर सातासमुद्रांपलीकडे, अशा मावशीकडे एकटीनेंच निघालेल्या एका मुलीची हकीकत आज मी श्रोत्यांस सांगणार आहें. ही मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. त्यांच्या पदवीची गोष्ट आपण पुष्कळदां ऐकली आहे. मला बोलावयाचें आहे तें त्या मावशीविषयीं आणि तिच्याकडे जावयाच्या वाटेविषयीं.

हें नातें जुळलें तें मोठ्या योगायोगानें. आनंदीबाईंचे पति गोपाळराव टपालखात्यांत नोकरीस होते. पत्नीच्या शिक्षणाची अमेरिकेंत कांहीं सोय होईल काय, अशी पृच्छा करणारें पत्र त्यांनीं एका मिशनरी गृहस्थांस लिहिलें. तें पत्र, आणि ख्रिस्ती होण्याचा उपदेश करणारें त्याचें उत्तर, हीं दोन्हीं १८८० सालीं अमेरिकेंतील एका मिशनरी मासिकांत छापून आलीं. न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दांतांच्या डॉक्टराकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या होत्या. वेळ जावा म्हणून त्यांनीं तेथें पडलेलें मासिक उचललें आणि तेंच पत्र त्यांच्या नजरेस पडलें. मासिक मिटून ठेवून त्या मोकळ्या झाल्या असत्या, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनीं घरीं जाऊन हिंदुस्थानांतल्या त्या अनोळखी मुलीला पत्र लिहिलें.

आनंदीबाई तेव्हां पंधरा वर्षांच्या होत्या. एक मूल होऊन दहा दिवसांत गेलेलें होतें, आणि प्रकृति नेहमींच नाजूक. पुढें तीन वर्षें पत्रें जात येत राहिलीं. त्यांत चालीरीति होत्या, पोशाख, खाणेंपिणें आणि लग्नें होतीं, दुखण्यांचीं वर्णनें होतीं. कार्पेंटरबाईंनीं टपालानें औषधेंहि धाडलीं. या पत्रांतूनच आनंदीबाईंनीं त्यांना मावशी केलें. इंग्रजींत काकू, आत्या, मामी आणि मावशी या सर्वांस एकच शब्द पुरतो. मराठी माणसाला मात्र निवड करावी लागते. आत्या म्हटली कीं सासरचा वास येतो. मावशी म्हटली कीं आईचा. आनंदीबाईंची ही निवड मला त्यांच्या पुढील सर्व धाडसाहून लहान वाटत नाहीं.

१८८३ सालच्या फेब्रुवारीच्या २४ तारखेस बंगालमधील श्रीरामपूर येथें, कॉलेजच्या सभागृहांत त्यांनीं इंग्रजींत भाषण केलें. लोकांचे आक्षेप त्यांनीं एकेक करून पुढें घेतले. अमेरिकेसच कां जातां? येथें शिकण्याची सोय नाहीं काय? संकट ओढवलें तर काय कराल? जात वाळींत टाकील त्याची वाट काय? आजवर कोणा स्त्रीनें केलें नाहीं तें तुम्हींच कां करावें? आणि या सर्वांत टोंचणारा प्रश्न : एकट्याच कां जातां? उत्तर साधें होतें. दोघांच्या प्रवासापुरता पैसा नव्हता, आणि घरची मंडळी गोपाळरावांच्या पगारावर अवलंबून होती. धर्माविषयीं त्यांनीं ग्वाही दिली, ती हिंदु म्हणून जाईन आणि हिंदु म्हणूनच परत येईन, अशी. याच भाषणांत त्यांनीं हेंहि सांगितलें कीं पतीबरोबर रस्त्यानें चालतांना लोक भोंवतीं जमून टवाळी करीत. ज्यांनीं या मुलीला गल्लींतून सुखानें चालूं दिलें नाहीं, त्यांनाच ती समुद्र एकटी कशी ओलांडील याची काळजी पडावी, हें मोठें नवल म्हटलें पाहिजे! सभेंत दिलेल्या त्या सगळ्या उत्तरांमागें एक पत्ता होता, असें मला वाटतें. रोझेल गांवांतलें एक घर, आणि त्यांत वाट पाहणारें एक माणूस.

एप्रिलच्या ७ तारखेस त्या कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या. अठरावें वर्ष पुरें होऊन एक आठवडाच झाला होता. बरोबर कांहीं परकीय स्त्रिया होत्या. पण सोबत असणें निराळें आणि घरचें माणूस जवळ असणें निराळें. सुवेझच्या कालव्यांतून इंग्लंड आणि तेथून अटलांटिक महासागर, असा अठ्ठावन्न दिवसांचा तो प्रवास होता. आज त्याच न्यू जर्सींत आपल्यापैकीं कितीतरी घरांतील खरीखुरी मावशी राहते. मुंबईहून निघालेली भाची एका दिवसाच्या आंत तिच्या दारीं पोंचते, आणि विमान कोठवर आलें हें तिची आई घरबसल्या पाहत असते. आनंदीबाईंच्या वेळीं बोट किनाऱ्यापासून सुटली कीं पुढच्या बंदरापर्यंत माणूस जगाच्या लेखीं नाहींसेंच होई.

जूनच्या ४ तारखेस बोट न्यूयॉर्कला लागली. कार्पेंटरबाई धक्क्यावर आल्या होत्या. त्यांनीं भाचीला रोझेलला नेलें. उन्हाळा त्या घरीं गेला, आणि ऑक्टोबरांत फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयांत अभ्यास सुरू झाला. तेथील थंडींत शाकाहार आणि लुगडें सांभाळून तीन वर्षें काढणें म्हणजे काय, हें ज्यानें तो हिंवाळा अनुभवला आहे त्यालाच कळेल. १८८६ च्या मार्चच्या ११ तारखेस पदवी मिळाली, तेव्हां गोपाळराव तेथें येऊन पोंचलेले होते. इंग्लंडमध्यें असलेल्या पंडिता रमाबाई लहान मुलीला घेऊन मुद्दाम त्या समारंभास आल्या. त्या आनंदीबाईंच्या नात्यांतल्या. म्हणजे एका सभागृहांत रक्ताचें नातें आणि पत्रांतलें नातें अशीं दोन्हीं त्या दिवशीं हजर होतीं.

परतीच्या वाटेवर गोपाळराव बरोबर होते. पण क्षयानें शरीर पोखरलें होतें. कोल्हापूरच्या इस्पितळांत नेमणूक झालेली असतां तेथें जाणें घडलें नाहीं. १८८७ च्या फेब्रुवारीच्या २६ तारखेस, बावीस वर्षें पुरीं होण्याच्या आधींच, पुण्यास त्यांचें देहावसान झालें.

गोपाळरावांनीं त्यांची रक्षा कार्पेंटरबाईंकडे धाडली. हडसन नदीच्या कांठीं पोकीप्सी म्हणून शहर आहे. तेथील स्मशानभूमींत कार्पेंटर घराण्याची जागा आहे, आणि त्या घरच्या माणसांच्या रांगेंतच आनंदीबाईंच्या नांवाची शिळा उभी आहे. बाईंनीं ती जागा आपल्या भाचीला दिली.