‘ढ’ कुणी ठरवला?

(कोल्हापूर येथील युवक अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठी वर्णमालेतलं एक अक्षर आपल्या पोरांना लिहायला यायच्या आधीच चिकटतं. ‘ढ’. ढगातला नव्हे, ढालीतला नव्हे. नुसता ‘ढ’. एकदा कपाळावर बसला की पुसता पुसत नाही. आठवीत-नववीत शाळा सुटते, पोरगं गवंड्याच्या हाताखाली नाहीतर गॅरेजवर जातं, आणि सगळे म्हणतात, डोकंच नव्हतं त्याला. आईबापसुद्धा तेच म्हणायला लागतात. इथल्या व्यवस्थेचा खरा विजय तिथं होतो.

मी आज तीनच प्रश्न घेऊन उभा आहे. हे ठरवलं कुणी? काय बघून ठरवलं? आणि किती वेळ बघून ठरवलं?

मोर्चा आपल्याला येतो. घेराव येतो. निवेदन तर झोपेत लिहू. पण वही घेऊन, तोंड मिटून, तासभर एका वर्गात बसायचं आणि जे चाललंय ते जसंच्या तसं उतरवायचं, हे आपल्याला येत नाही. शिक्षणशास्त्रात याला निरीक्षण म्हणतात. शब्द साहेबी वाटतो, पण हत्यार आपलं आहे.

आपलं कसं? बाबासाहेबांनी मोठेपणी आपल्या साताऱ्याच्या शाळेबद्दल लिहून ठेवलंय. वर्गात बसायला गोणपाट. तो रोज घरून आणायचा, रोज घरी न्यायचा, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला शिवायचा नाही. तहान लागली तर नळ शिपायानं उघडायचा. शिपाई नाही तर पाणी नाही. बघा, इथं ‘अन्याय’ हा शब्दसुद्धा लागत नाही. गोणपाट, नळ, शिपाई. तीन शब्दांत अख्खी शाळा उघडी पडते. निरीक्षण म्हणजे हे.

आता आपलं कोल्हापूर. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पण पोरं शाळेत आली की काम संपलं, असं त्यांनी मानलं नाही. कोण कुठं बसतो हेही बघितलं. 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकत्र बसवायचा हुकूम काढला. या गोष्टीला शंभरावर वर्षं झाली. वेगळी शाळा कायद्यानं गेली. वेगळा बाक गेला का? मागच्या रांगेत कोण आहे? संडास झाडायला कुणाला पाठवतात? पाहुणे आले की पाणी द्यायला कुणाला उठवतात आणि कुणाला उठवत नाहीत? याचं उत्तर जुना हुकूम वाचून मिळणार नाही. वर्गात बसून मोजावं लागेल.

असं मोजणारा एक माणूस अमेरिकेत होता. रे रिस्ट त्याचं नाव. काळ्या वस्तीतल्या एका शाळेत तो जाऊन बसला आणि बालवर्गापासून दुसरीपर्यंत त्याच मुलांच्या मागे राहिला. 1970 साली त्यानं हे छापलं. त्यानं काय बघितलं? शाळा सुरू होऊन आठवा दिवस. बाईंनी मुलांना तीन टेबलांवर कायमचं वाटून टाकलं. परीक्षा नाही, चाचणी नाही. कपडे स्वच्छ, बोली शाळेसारखी, घर बऱ्यापैकी, ती मुलं पहिल्या टेबलावर, बाईंच्या जवळ. बाकीची लांब. मग बाईंचं बोलणं, विचारणं, शाबासकी सगळं पहिल्या टेबलाकडे. पुढच्या वर्षी वर्ग बदलला, बाई बदलल्या. पण मागच्या दोन टेबलांवरचं एकही मूल वरच्या टेबलावर आलं नाही. दुसरीत तर खालच्या गटाचं नावच ‘क्लाउन्स’. म्हणजे विदूषक. आपल्याकडे ‘ढ’, तिकडे विदूषक.

आणि दोस्तहो, सगळ्यात झोंबणारी गोष्ट ऐका. त्या बाई स्वतः काळ्याच होत्या. म्हणजे आपलाच शिकलेला, नोकरीला लागलेला, पांढरपेशा झालेला माणूससुद्धा हे करू शकतो. दुष्टपणानं नव्हे. सवयीनं. म्हणून नुसत्या जातीचा दाखला बघून कोण आपला आणि कोण परका हे ठरवू नका. वागणं बघा.

दुसरं उदाहरण ब्राझीलचं. रेसिफे शहरातली पाच पोरं. फुटपाथवर नारळ, फळं विकणारी. संशोधकांनी गिऱ्हाईक होऊन त्यांना विचारलं, इतक्या नारळांचे किती? शंभरातले अठ्ठ्याण्णव हिशोब बरोबर. मग त्याच प्रकारची आकडेमोड कागद-पेन्सिल देऊन शाळेच्या पद्धतीनं घातली. शंभरातली सदतीस बरोबर. 1985 साली हे छापून आलं. पोरगं तेच, डोकं तेच. बदललं काय? विचारायची पद्धत. आपल्याकडे कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारातल्या मुलांवर असाच अभ्यास झाला, तो 2025 साली छापला गेला. तिथंही बाजारात हिशोब करणारी मुलं शाळेच्या गणितात अडली. आणि शाळेत शिकणारी मुलं बाजारातल्या हिशोबात अडली. मग ‘ढ’ कोण? लक्ष्मीपुरीत आईच्या भाजीच्या पाटीशेजारी बसून सुट्टे परत देणारी पोरगी आधी डोळ्यांनी बघा, मग प्रगतिपुस्तक उघडा.

कुणी म्हणेल, सरकार हे करतंच की. खरं आहे. महाराष्ट्रात 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत पहिलंच साधन होतं दैनंदिन निरीक्षण. प्रत्येक मुलाबद्दल शिक्षकानं वर्णनात्मक नोंद करायची. कल्पना सोन्यासारखी. झालं काय? तयार नोंदींच्या याद्या निघाल्या, मोबाइलवरून फिरल्या. ‘शाळेत नियमित येतो. इतरांशी मिळूनमिसळून वागतो.’ नाव बदला, नोंद तीच. मूल न बघता निरीक्षण! यात एकट्या मास्तरला झोडपून भागणार नाही. पटावर पोरं भरपूर, वर निवडणुकीचं काम, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती भरणं. पण नोंद खोटी असली की मार बसतो तो पोराला.

खरं बघणारीही माणसं होऊन गेली. याच कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 साली सृजन आनंद विद्यालय काढलं आणि मुलाचा अनुभव, मुलाचा प्रश्न, मुलाचं लिहिणं यावरून शिकवणं ठरवलं. त्यांच्या आधी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला गेल्या. त्यांना काय दिसलं? पोरं शाळेत येत नाहीत. आळशी म्हणून? नव्हे. कडेवर धाकटं भावंडं, मागं गुरं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी, शाळा एका जागी आणली. शाळा अंगणात नेली, कुरणावर नेली. नीट बघितलं की शाळा बदलावी लागते. नीट बघितलं नाही की पोराला बदला म्हणतात.

आता कामाचं बोलतो.

एक वही घ्या. डाव्या पानावर फक्त दिसलेलं आणि ऐकलेलं. उजव्या पानावर आपल्याला काय वाटलं ते. दोन्हीची सरमिसळ नको. ‘पोरगं आळशी आहे’ हा निकाल झाला. ‘अकरा दहाला मान खाली टाकली, सव्वाअकराला झोपलं’ हे निरीक्षण. निकाल दिला की दार बंद. निरीक्षण केलं की प्रश्न सुचतो: पाणी भरायला पहाटे किती वाजता उठलं? सकाळी खाल्लं काय?

मग मोजा. तासात बाईंनी कितीजणांना प्रश्न विचारला, त्यातले मागच्या रांगेतले किती? विचारल्यावर थांबल्या किती? मेरी बड रो या बाईंनी अमेरिकेत हे सेकंदात मोजलं. शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात. हुशार मानलेल्या पोरासाठी दुपटीच्या आसपास, कच्च्या मानलेल्यासाठी एकाहून कमी. आणि तीन सेकंद थांबलं की गप्प बसणारी पोरंही बोलायला लागतात. दोन सेकंदांचा हा सवाल आहे, मित्रांनो. ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला ‘पाणी’ म्हणायला किती वेळा लावलं, आणि त्याचं उत्तर बरोबर होतं हे किती वेळा सांगितलं, तेही लिहा.

एका दिवसात निष्कर्ष काढू नका. पाहुणा बसला की वर्ग बदलतो. पुन्हापुन्हा जा. दोघं जा, वेगवेगळं लिहा, मग ताडून बघा. मुख्याध्यापकांची परवानगी घ्या, चोरून जाऊ नका. वहीत पोराचं नाव घालू नका, खूण घाला. आपलं पोर म्हणजे नमुना नव्हे. आणि हीच वही घेऊन आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेतही बसा. तिथं आपण मुलींना प्रश्न किती विचारतो, तेही मोजा.

वही भरल्यावर काय? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आहे. त्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका, आणि वंचित घरांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या आया-बहिणी तिथं सह्या करायला नकोत, वही घेऊन बसायला पाहिजेत. ‘आमच्या पोरांवर अन्याय होतो’ म्हटलं की समोरचा म्हणतो, पुरावा काय? ‘सहा आठवड्यांत मागच्या दोन रांगांना इतके प्रश्न, पुढच्या दोन रांगांना इतके’ असं म्हटलं की त्याला आकड्याला उत्तर द्यावं लागतं.

तेव्हा पुढच्या बैठकीला नुसत्या घोषणा घेऊन येऊ नका. प्रत्येकानं एका वर्गाचा एक तास लिहून आणा. आणि कुणी म्हणालं, तुमचं पोरगं ‘ढ’ आहे, तर आवाज चढवू नका. वही उघडा आणि विचारा, काय बघून म्हणता?

जय भीम.