फोर्बरीचा सिंह आणि आपण

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जेवणाच्या आधी भाषणाला उभं राहणं हे मोठं जोखमीचं काम आहे. तिकडून मसालेभाताचा वास येतोय आणि इकडे मी इतिहास घेऊन उभा आहे. तेव्हा पंधरा मिनिटांच्या वर एक मिनिटही घेणार नाही, हे आधीच सांगून टाकतो.

कार्यकारिणीने मला विषय दिला, 'आपलं गाव'. आपलं गाव म्हटलं की कुणाला सातारा आठवेल, कुणाला नाशिक, कुणाला डोंबिवली. मी पुण्याचा असल्यामुळे मी काय बोलणार याची काहींना धास्ती वाटली असेल! पण घाबरू नका, मी आज बोलणार आहे ते रेडिंगबद्दल. ज्या गावात आपण घरं घेतली, मुलं शाळेत घातली, ज्याचा कौन्सिल टॅक्स दर महिन्याला न चुकता भरतो, ते गाव 'आपलं' कधी होतं? माझा आजचा प्रश्न एवढाच आहे.

सुरुवात आपल्या धंद्यापासून करू या. आपल्यापैकी निम्मे लोक सॉफ्टवेअरवाले, थेम्स व्हॅलीतल्या कंपन्यांमुळे इथे आलेले. आपल्याला ओरॅकल म्हटलं की डेटाबेस आठवतो, आणि बायकामुलांना ओरॅकल म्हटलं की शॉपिंग सेंटर! १९९९ साली उघडलेल्या या शॉपिंग सेंटरचं नाव आलं कुठून? रेडिंगमध्ये जन्मलेला जॉन केंड्रिक नावाचा कापडाचा व्यापारी लंडनला जाऊन गब्बर झाला. १६२४ साली तो वारला, आणि मृत्युपत्रात त्याने आपल्या गावाला ७,५०० पौंड ठेवले. त्या काळी ही रक्कम केवढी प्रचंड असेल बघा. गावातल्या गरीब विणकरांना काम मिळावं म्हणून त्यातून एक मोठी वास्तू उभी राहिली. तिचं नाव ओरॅकल. म्हणजे आपण जिथे सेलमध्ये जाकिटं घेतो, तिथलं नाव मुळात एका दानातून आलेलं आहे. आजच्या मदतनिधीच्या कार्यक्रमाला याहून चांगला शकुन कुठला?

तिथून दहा मिनिटं चाललात की ॲबीचे भग्नावशेष लागतात. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने ११२१ साली हा मठ स्थापन केला, आणि त्याचं दफनही इथेच झालं. पुढे आठव्या हेन्रीने देशभरचे मठ मोडीत काढले, तेव्हा १५३९ साली इथल्या शेवटच्या मठाधिपतीला ठार मारण्यात आलं आणि पुढे दगडसुद्धा लोकांनी घरं बांधायला नेले. उरलेल्या भिंतींचे दगड निखळायला लागले म्हणून २००९ मध्ये हा परिसर बंद करावा लागला. मग कौन्सिलने आणि लॉटरीच्या वारसा निधीने मिळून ३० लाखांहून जास्त पौंड घातले, आणि २०१८ साली या भिंती पुन्हा लोकांसाठी खुल्या झाल्या. आता तिथे नाटकं होतात, जूनमधल्या वॉटरफेस्टला तिथे माणसांची रीघ लागते. पडक्या भिंतींपायी एवढा खर्च कशाला, असं इथल्याही काही लोकांना वाटलं असेल. पण गावाच्या मधोमध चार लोकांना एकत्र यायला जागा असणं याची किंमत आपल्या पेठांमधून आलेल्या माणसाला वेगळी सांगायला नको. लोकमान्यांनी १८९० च्या दशकात गणपती घरातून चौकात आणण्याचा आग्रह धरला, तो उगीच नव्हे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. ॲबीला लागूनच फोर्बरी गार्डन्स आहे. स्टेशनपासून पाच-सात मिनिटांच्या अंतरावर. तिथला तो काळा, अजस्र सिंह आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे. भारतातून आई-बाबा आले की त्याच्यासमोर फोटो काढायचाच, असा आपल्याकडे अलिखित नियम आहे. हा सिंह ओतीव लोखंडाचा आहे, वजन सुमारे १६ टन, नाकापासून शेपटीपर्यंत ३१ फूट. जॉर्ज ब्लॅकॉल सायमंड्स या रेडिंगच्याच शिल्पकाराने तो घडवला आणि १८८६ साली तो इथे उभा राहिला. सिंहाचे चालतानाचे पाय चुकले हे कळल्यावर शिल्पकाराने आत्महत्या केली, अशी दंतकथा इथे कुणीही सांगेल. ती साफ खोटी आहे. हे गृहस्थ चांगले १९२९ पर्यंत जगले!

पण सिंह तिथे का आहे? त्याच्या चौथऱ्यावर ११ अधिकारी आणि ३१८ जवान, म्हणजे ३२९ माणसांचं स्मारक आहे. हे सगळे ६६व्या बर्कशायर पलटणीचे, दुसऱ्या अफगाण युद्धात मेलेले. त्यांतले बहुतेक पडले ते २७ जुलै १८८० रोजी, कंदाहारजवळच्या मैवंदच्या लढाईत. शेरलॉक होम्सचे चाहते इथे असतील तर त्यांना आठवेल, डॉक्टर वॉटसन जखमी झाला तो याच लढाईत.

आता जरा लक्ष देऊन ऐका. मैवंदला इंग्रजांची फौज होती सुमारे अडीच हजारांची, आणि समोर अयूबखानाचं सैन्य त्याच्या कितीतरी पट. त्या अडीच हजारांत पायदळाच्या पलटणी तीन होत्या. त्यातली गोरी पलटण एकच, ही बर्कशायरची. दुसरी होती बॉम्बे ग्रेनेडियर्स, आणि तिसरी ३०वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्री, म्हणजे जेकब्ज रायफल्स. घोडदळ होतं थर्ड बॉम्बे लाइट कॅव्हलरी आणि सिंध हॉर्स. शिवाय बॉम्बे सॅपर्सची एक छोटी तुकडी. खडकीवरून गेलेल्या प्रत्येक पुणेकराला बॉम्बे सॅपर्स माहीत आहेत! म्हणजे ही फौज मुख्यतः आपल्या मुंबई इलाख्याची होती. हे सगळे शिपाई मराठी होते असं मी म्हणणार नाही. पंजाबी, पठाण, राजपुताना आणि हिंदुस्थानी मुलखातले लोकही त्यात होते. पण मुंबईच्या फौजेची भरती कोकणातून आणि देशावरून पिढ्यान् पिढ्या होत आली, हेही तितकंच खरं आहे.

त्या एका दिवसात या फौजेतले साडेनऊशेहून जास्त सैनिक पडले. त्यातले बहुसंख्य हिंदी शिपाई. शिवाय छावणीबरोबरचे भिस्ती, डोलीवाले, खानसामे असे तीनशेहून अधिक लोक गेले, ते वेगळेच. जेकब्ज रायफल्समधली कोवळी, नुकतीच भरती झालेली पोरं तोफांच्या माऱ्यापुढे आधी मोडली, हे इतिहासाच्या पुस्तकांत आवर्जून लिहिलेलं असतं. पण ग्रेनेडियर्सची त्या मैदानात किती माणसं कामी आली, आणि सॅपर्सची ती छोटी तुकडी आपल्या लेफ्टनंट हेनबरोबर बर्कशायरवाल्यांच्या शेजारी कशी शेवटपर्यंत लढली, हे फारसं कुणी सांगत नाही.

बर्कशायर पलटणीचा एक कुत्रासुद्धा होता, बॉबी त्याचं नाव. तो लढाईतून वाचला, इंग्लंडला आला, आणि १८८१ साली व्हिक्टोरिया राणीने स्वतः त्याच्या गळ्यात पदक घातलं. तो पुढे गाडीखाली सापडून मेला, पण त्याचा पेंढा भरून ठेवला आहे, आणि सॉल्सबरीच्या संग्रहालयात तो आजही काचेच्या पेटीत उभा आहे. बॉबीबद्दल माझी काही तक्रार नाही, कुत्रा गुणीच असणार. पण कुत्र्याचं नाव शाळेतल्या मुलांना ठाऊक आहे, आणि शेजारी पडलेल्या सॅपरचं नाव रेडिंगमध्ये कुठेच नाही.

इथे कुणीतरी मला विचारेल, आणि विचारायलाच हवं, की अहो, ते इंग्रजांचे पगारी शिपाई! दुसऱ्याच्या देशावर चालून गेलेले. त्यांचं कौतुक आपण कशाला करायचं? प्रश्न रास्त आहे. अफगाणांच्या दृष्टीने ते घर राखायला लढत होते. मैवंदची मलालाई ही त्यांची वीरकन्या, आणि मलाला युसुफझाईचं नाव तिच्यावरूनच ठेवलेलं आहे. या युद्धाचा गौरव करा असं मी म्हणतच नाही. पण १८७६ ते ७८ मध्ये दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला होता, हे विसरू नका. ज्या घरात खायला नाही, त्या घरातला मुलगा पलटणीत जातो, पगार घरी पाठवतो, आणि साहेब जिथे पाठवील तिथे जातो. आपल्या भाषेत सांगायचं तर तेही 'ऑनसाइट'वरच होते. फरक एवढाच, की आपण परतीचं तिकीट खिशात घेऊन आलो. त्यांचं कौतुक करायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण ते होते, एवढं तरी नोंदवलं जायला नको का?

आणि हे होऊ शकतं. ब्रायटनजवळच्या टेकडीवर छत्री आहे. पहिल्या महायुद्धात तिथल्या इस्पितळांत वारलेल्या हिंदू आणि शीख सैनिकांना जिथे अग्नी दिला, तिथे १९२१ साली ती बांधली. पण त्या सैनिकांची नावं तिथे नव्हती. २०१० साली छत्रीशेजारी दगड बसला आणि त्यावर ५३ नावं कोरली गेली. नव्वदहून अधिक वर्षांनी! दरवर्षी जूनमध्ये लोक तिथे जमतात, फुलं वाहतात.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. मदतनिधीतला मोठा वाटा ठरलेल्या कामांनाच जावा, त्याला हात लावायचं काहीच कारण नाही. पण एक छोटा हिस्सा या गावासाठी ठेवू या.

पहिली सूचना बिनखर्चाची. दरवर्षी २७ जुलैला, किंवा त्याच्या जवळच्या रविवारी, आपण सिंहापाशी जमावं. भाषणं नकोत, ढोलताशे नकोत. पलटणींची नावं मोठ्याने वाचायची, सगळ्यांची, गोऱ्यांचीही आणि अफगाणांचीही आठवण काढायची, आणि घरी यायचं. २०२० च्या जूनमध्ये याच बागेत तिघांचा हकनाक बळी गेला, तेव्हा अख्खं गाव फुलं घेऊन आलं होतं. दुःखात एकत्र यायची ही जागा आहे, आणि तिथे आपणही असायला हवं.

दुसरी, गावाच्या मध्यभागाची एक मराठी पुस्तिका. ॲबी, फोर्बरी, ओरॅकल, हंटली ॲण्ड पामर्सच्या बिस्किटांचा कारखाना, संग्रहालय, असा दोन तासांचा पायी फेरा. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेले आपले आई-बाबा दुपारभर घरात टीव्ही बघत बसतात, कारण एकट्याने कुठे जायचं ते कळत नाही. त्यांच्या हातात ही पुस्तिका द्या, ते आपल्यालाच चार गोष्टी सांगतील! सप्टेंबरमध्ये देशभर हेरिटेज ओपन डेज असतात, त्या आठवड्यात आपल्या मुलांनी हाच फेरा इंग्रजांना घडवून आणावा.

तिसरी सूचना खर्चाची आणि चिकाटीची. इंडिया ऑफिसची कागदपत्रं ब्रिटिश लायब्ररीत आहेत. मैवंदला पडलेल्या शिपायांची नावं त्यात शोधायची. सगळी मिळतील असं वचन मी देऊ शकत नाही. पण दहा नावं मिळाली तरी ती घेऊन आपण कौन्सिलकडे आणि संग्रहालयाकडे जाऊ, आणि सिंहाजवळ एक साधी पाटी लावायची रीतसर विनंती करू. त्यासाठी पैशांपेक्षा शनिवार लागतील. माझे मी देतोच आहे, आणखी पाच-सहा जण हवेत. पुस्तिकेच्या छपाईसाठी मात्र पैसेच लागतील, आणि त्यासाठी दाराशी पेटी ठेवलेली आहे.

गाव आपलं कधी होतं, हा प्रश्न मी सुरुवातीला विचारला होता. पासपोर्ट बदलला म्हणून होत नाही, आणि घराचे हप्ते फिटले म्हणूनही होत नाही. ज्या गावाच्या चौकात आपली माणसं आठवली जातात, आणि जिथे दुसऱ्यांची माणसं आठवायला आपण जातो, ते गाव आपलं. येत्या २७ जुलैला सकाळी अकरा वाजता मी सिंहापाशी असेन. तुम्ही या, मुलांना आणा, जमलं तर शेजारच्या इंग्रज काकूंनाही घेऊन या.

आता मसालेभात निवायच्या आत थांबतो. दाराजवळच्या पेटीकडे लक्ष असू द्या.