कुळाचा माग : पांढुर्णा-सौंसर परिसरातील वंशेतिहासाची साधने



सन १९२५ मध्ये सौंसर तहसिलीतील एखाद्या खेड्यात जन्मलेल्या माणसाचा विचार करावा. तो जन्मला तेव्हा त्याचे गाव मध्यप्रांत-वऱ्हाडात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५० साली त्याच प्रांताचे नाव मध्यप्रदेश झाले, राजधानी मात्र नागपूरच राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर-विदर्भातील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मागे राहिला आणि त्याची राजधानी भोपाळ झाली. पुढे ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा अस्तित्वात आला. घराचा उंबरठा न ओलांडता एका कुटुंबाच्या वाट्याला चार पत्ते आले. त्याची बोली, सोयरीक, सणवार आणि बाजारहाट यांत या घडामोडींनी विशेष फरक पडला नाही. फरक पडला तो त्याच्या कागदांत.

पूर्वजांचा शोध हा विषय या भागात हौसेपुरता राहत नाही, याचे कारण हेच आहे. सौंसरकडचा आजोबा नागपूरच्या गिरणीत कामाला गेला आणि तेथेच स्थायिक झाला, अशी कुटुंबे थोडी नाहीत. नातवाच्या महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी जातीचा दाखला लागतो आणि मग आजोबा-पणजोबांची नोंद शोधावी लागते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक निर्णायक मानले जातात. त्या दिनांकापूर्वी कुटुंब कोठे राहत होते, हे दाखवावे लागते. छिंदवाडा जिल्ह्यातून नागपूरकडे आलेल्या एका कुटुंबाचा असाच प्रश्न २००३-०४ च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पुनर्रचनेपूर्वी हे दोन्ही भूभाग एकाच प्रांतात होते, ही गोष्ट न्यायालयाने विचारात घेण्याजोगी मानली. नकाशावरची रेघ कुळाच्या मधून गेली म्हणजे काय होते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

कुळाचा माग काढू इच्छिणाऱ्याने आरंभ कोठून करावा? पुष्कळ जण तो कचेरीतून करतात. खरा आरंभ घरातून व्हावयास हवा. तरीही कचेरीत काय सापडते आणि काय सापडत नाही, हे प्रथम समजून घेणे इष्ट. म्हणजे घराचे महत्त्व आपोआप कळते.

घाटाखालचा हा मुलूख देवगडच्या गोंड राज्याचा होता. अठराव्या शतकात तो नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला. तिसरे रघुजी १८५३ च्या डिसेंबरात वारले, पुढच्याच वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती झाली. भोसल्यांच्या काळातील मराठी कागद मोडी लिपीत आहेत. देशमुख, देशपांडे, पाटील अशा वतनदारांच्या घरी अशा कागदांची गाठोडी असण्याचा संभव अधिक. मोडी वाचता येईना म्हणून ती माळ्यावर पडतात आणि एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत चुलीत जातात. मोडीचे जुजबी ज्ञान सहा महिन्यांच्या चिकाटीने येते, आणि जाणकाराला नुसते छायाचित्र दाखवले तरी कागद कशाचा आहे एवढे कळते. वाचता येत नाही म्हणून कागद टाकून देऊ नये, एवढा एक नियम प्रत्येक घराने पाळला तरी मोठे काम होईल.

इंग्रजी अमलात जमिनीचा बंदोबस्त झाला. मालगुजारी पद्धत आली आणि ती १९५१ पर्यंत टिकली. बंदोबस्ताच्या मिसली, जमाबंदी, वाजिब-उल-अर्ज, त्यानंतर १९५४-५५ च्या सुमारास तयार झालेले अधिकार अभिलेख, हा सारा साठा सामान्य शेतकऱ्याच्या दृष्टीने अमोल आहे; कारण त्यात केवळ मालगुजाराचे नाव नसून कुळांचीही नावे आहेत. माणसाचे नाव, त्याच्या बापाचे नाव, जात आणि राहण्याचे गाव एवढे एका ओळीत मिळाले की एक पिढी मागे जाता येते. आज संगणकावर दिसणारा खसरा हा प्रामुख्याने आजच्या धारकापुरता असतो. जुनी नोंद हवी असल्यास अभिलेखागारात नकलेचा अर्ज करावा लागतो, आणि अर्जात मौजा, जुना खसरा क्रमांक व बंदोबस्ताचे साल देता आले तर शोध सुकर होतो.

या कागदांची भाषा सरमिसळ आहे. ‘वल्द’ म्हणजे अमुकाचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमुकाची बायको, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ‘साकिन’ म्हणजे राहणार. आडनाव पुष्कळदा नसतेच. असले तरी हिंदी लेखनिकाच्या हाती ‘ळ’ चा ‘ल’ आणि ‘ण’ चा ‘न’ होतो. काळ्यांचे ‘काले’ होतात, ढोबळ्यांचे ‘ढोबले’ होतात. खुद्द पांढुर्ण्याचेही ‘पांढुरना’ होते. एकाच कुटुंबातील नागपूरचा भाऊ ‘काळे’ आणि सौंसरचा भाऊ ‘काले’ असेल, तर दोन पिढ्यांनंतर त्यांची मुले एकमेकांना परकी वाटू लागतात. शोध घेताना आडनावाची सगळी रूपे प्रथम एका कागदावर लिहून काढावीत.

कालगणनेचाही असाच घोळ होतो. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले, विक्रम संवतातून ५७ वजा केले, म्हणजे इसवी सन साधारण जुळतो. फसली सनात ५९० ते ५९३ मिळवावे लागतात. प्रदेशाप्रमाणे हा आकडा बदलतो. महिन्याचा भेद मात्र सहज ध्यानात येत नाही. मराठी पंचांगाचा महिना अमावास्येला संपतो, उत्तरेकडील हिंदी पंचांगाचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्ष दोहोंत एकाच नावाचा, पण वद्य पक्षाचे नाव वेगळे. ज्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार होते, तो पोळा मराठी घरात श्रावणातल्या अमावास्येचा असतो आणि हिंदी पंचांगात भाद्रपदातल्या. दिवस एकच. आजीने सांगितलेली पंज्याची श्राद्धतिथी हिंदी पंचांगावरून इंग्रजी तारखेत उतरवली, तर मृत्यूची नोंद एक महिना अलीकडच्या पानांवर शोधली जाते आणि अर्थातच सापडत नाही.

मृत्यूची ही नोंद असते कोतवाल बुकात. गावच्या कोतवालाने जन्ममृत्यूची खबर ठाण्यात द्यावयाची, अशी जुनी वहिवाट. या वहीत जन्माची तारीख विश्वासार्ह असते, पण बाळाचे बारसे व्हायचे असल्याने नावाच्या जागी अनेकदा केवळ ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ आणि पुढे बापाचे नाव. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात नेमके उलटे असते. तेथे नाव, बापाचे नाव, जात आणि गाव हे सारे आहे, पण जन्मतारीख गुरुजींनी अंदाजाने घातलेली. आपल्याकडे एका पिढीतील कितीतरी माणसे १ जुलैलाच जन्मलेली दिसतात, ती यामुळेच. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या म्हणजे एक दुसरीची उणीव भरून काढते. धर्माच्या रकान्यातही अर्थ वाचावा लागतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दिली. त्यानंतर अठराव्या दिवशी राज्यांची पुनर्रचना झाली. ज्या घरांनी ती दीक्षा घेतली, त्यांच्या आजोबांची आणि नातवाची नोंद वेगवेगळ्या शब्दांत आढळणार. तो विसंवाद मानू नये. तो त्या कुळाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा दिवस आहे.

कचेरीबाहेरही नोंदी आहेत. काशी, प्रयाग, गया, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या वंशावळी असतात. हरिद्वारसारख्या ठिकाणच्या वह्यांचे सूक्ष्मपट अमेरिकेतील युटा येथील वंशावळी संस्थेने गेल्या शतकातच घेतले आहेत. धारानगरीहून आल्याची परंपरा सांगणाऱ्या भोयर पवार समाजात भाटांच्या पोथ्या आहेत. गोंडांच्या घरी परधान येतो आणि बाण्याच्या साथीने त्यांच्या कुळाची गाथा गातो. तेथे वही नाही, कंठ हीच वही. वंशावळ ही केवळ लिहिणाऱ्यांची मिरास आहे, हा समज या भागात तरी टिकत नाही.

छापील ग्रंथांत जेन्किन्सचा १८२७ चा नागपूर राज्यावरील अहवाल, रसेलने संपादिलेले १९०७ चे छिंदवाडा गॅझेटियर, रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांचा १९१६ चा जातिजमातींवरील चार खंडांचा ग्रंथ आणि या. मा. काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ हे हाताशी असावेत. परंतु एक सावधगिरी आवश्यक आहे. या ग्रंथांतील उत्पत्तिकथा पुढे अनेक कुलवृत्तांतांनी जशाच्या तशा उचलल्या, आणि कुलसंमेलनात त्या वाचल्या गेल्या म्हणजे त्यांना पुराव्याचे मोल येते. प्रत्येक कुळ कोणत्या तरी राजापाशी जाऊन पोहोचते. ज्याने स्वतःच्या हाताने नांगर धरला, विहीर खणली, दुष्काळात पोरे जगवली, तो पूर्वज राजापेक्षा कमी मोलाचा नाही. सिद्ध झालेल्या चार पिढ्या कल्पिलेल्या चाळीस पिढ्यांहून बऱ्या.

या सगळ्या साधनांत एक मोठी पोकळी आहे. ती स्त्रियांची. शाळेच्या वहीत बापाचे नाव आहे, आईचे नाही. छापील कुलवृत्तांतात मुलींच्या फांद्या बहुधा लग्नापाशी तुटतात. जमीनमहसुलाच्या कागदांत बाईचे नाव येते, पण पुष्कळदा केव्हा? तर ‘बेवा’ झाल्यावर. नवरा जिवंत असेतो ती कागदावर नाही. कुंकू पुसले गेले की तिचे नाव उमटते. त्यात लग्नात नाव बदलण्याची चाल. सासरी ‘लक्ष्मी’ असलेली बाई माहेरी कोण होती, हे कोणत्याच दप्तरात नाही.

ही पोकळी भरून काढणारी दोन साधने घरातच असतात. पहिले श्राद्धाच्या संकल्पाचे. त्यात बाप, आजा, पणजा यांच्याप्रमाणे आई, आजी, पणजी यांचीही नावे घ्यावी लागतात आणि आईच्या माहेरचे तीन पुरुषही येतात. ज्या घरी हा विधी होतो, तेथे या नावांचे टिपण देवघराच्या फळीवर सापडू शकते. दुसरे साधन लग्नातील आहेराच्या वहीचे. कोणत्या गावच्या कोणी काय दिले, हे त्यात लिहिलेले असते. मामा, आत्या, मावशी यांची गावे तेथे कळतात आणि सोयरिकीचे जाळे कन्हान नदीपासून थेट वर्धा-अमरावतीपर्यंत कसे पसरले होते ते दिसते. राज्याची सीमा त्या वहीत कोठेही आढळत नाही.

आणि या दोहोंहून मोठे साधन म्हणजे घरातील सर्वांत वयस्क बाई. गोतावळा तिला पाठ असतो, कारण तिनेच तो सांभाळलेला असतो. तिला सन विचारू नये. अमक्याचे लग्न झाले तेव्हा तुझ्या कडेवर कोण होते, असे विचारावे. तुझे माहेरचे नाव काय, तुझ्या आईचे माहेर कोणते, हे विचारावे. हे प्रश्न तिला आयुष्यात बहुधा कोणी विचारलेले नसतात. कचेरीतला कागद दहा वर्षांनीही मिळेल. ही साक्ष मात्र एका हिवाळ्यात नाहीशी होऊ शकते. म्हणून क्रम उलटा लावावयाचा: आधी आजी, मग आहेराची वही, मग शाळा, आणि शेवटी अभिलेखागार.

नव्या जिल्ह्याच्या निर्मितीमुळे ही निकड वाढली आहे. कचेऱ्या नव्या होतात तेव्हा दप्तर हलते, आणि दप्तर हलले म्हणजे जुने बस्ते कोपऱ्यात पडतात, ओले होतात, वाळवीच्या मुखी जातात. मध्यप्रांताच्या जुन्या सरकारी कागदांपैकी काही नागपुरात तर काही भोपाळला आहेत, हा अनुभव ताजाच आहे. ज्यांना शक्य आहे त्यांनी आपल्या गावच्या नकला आजच काढून ठेवणे शहाणपणाचे.

ग्रंथालयाच्या शताब्दीशी या विषयाचा संबंध येथेच येतो. शंभर वर्षांत राजधान्या बदलल्या, जिल्हे बदलले. ग्रंथालय आपल्या जागी राहिले. जुन्या ग्रंथालयाच्या वर्गणीदारांच्या वह्या हेदेखील वंशेतिहासाचेच साधन होय. एखाद्या घरात आजोबांचे छायाचित्र नसेल, पण पुस्तक नेताना त्यांनी केलेली सही तेथे असू शकेल. अशा संस्थेने एक कपाट कुळनोंदींसाठी राखावे. घरोघरच्या वंशावळी, आहेराच्या वह्या, मोडी कागद यांच्या प्रती तेथे ठेवाव्यात आणि मूळ कागद घरधन्याला परत करावेत. वर्षातून एकदा, पोळ्याच्या सुमारास बाहेरगावची माणसे गावी येतात तेव्हा, जाणत्या स्त्रीपुरुषांना बसवून त्यांच्या आठवणी उतरवून घ्याव्यात. यासाठी अनुदान लागत नाही. एक वही, एक लेखणी आणि ऐकून घेणारा कान पुरतो.

त्या वहीच्या प्रत्येक पानावर पुरुषाच्या नावाशेजारी त्याच्या पत्नीचे सासरचे आणि माहेरचे, अशी दोन्ही नावे लिहिण्यास जागा सोडावी. पहिल्या काही पानांवर ती जागा कदाचित रिकामी राहील. पण जागा आहे असे दिसले, म्हणजे ती भरावी असे पुढच्या वाचकाला वाटेल.