प्रयोगशाळेतील दिवा

जबलपूरच्या कांचघर भागातील एखाद्या शाळेत पानातील पिष्ट ओळखण्याचा प्रयोग चालला आहे असे समजा. पान पाण्यात उकळावयाचे, स्पिरिटमध्ये तापवून हरितद्रव्य काढावयाचे, मग आयोडीन घालावयाचे. निळसर काळा रंग उमटला की मुले हरखतात; धोका मात्र मधल्या पायरीत असतो. स्पिरिट सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते, पण त्याची वाफ वैशाखातल्या हवेतही ज्योत लागताच पेट घेते. म्हणून दिवा आधी विझवून स्पिरिटचे भांडे गरम पाण्यात ठेवावयाचे. ‘ज्योतीवर धरू नका’ एवढेच बजावणारा शिक्षक आज्ञापालनाची अपेक्षा करतो. कारण उलगडणारा समजुतीची, आणि हीच अधिक कडक अपेक्षा होय. अशा वर्गात गुरुजींची पाठ वळलेली असतानाही एखादी मुलगी शेजारचा विसरलेला दिवा टोपण घालून विझविते.