जोगव्यातली सुली

जपानात मांगा नावाची चित्रकथांची पुस्तकं आवडीनं वाचतात. त्यातल्या प्रेमाच्या गोष्टींवर खरे नट-नट्या घेऊन सिनेमे निघतात. आमच्या पोरी मोबाइलवर असलं बघतात. आम्हाला त्यातली नावंही नीट घेता येत नाहीत. पण पुस्तकातलं प्रेम पडद्यावर आलं की काय होतं, हे आम्हाला 'जोगवा' बघून कळलं.

राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवरून राजीव पाटील यांनी हा सिनेमा केला, 2009 साली आला. सुलीच्या केसांत जट निघते, म्हणून तिला देवीला सोडतात. तायाप्पाला लुगडं नेसवून जोगत्या करतात. दोघांचा एकमेकांवर जीव जडतो. लुगड्यातला उपेंद्र लिमये बघून आम्ही आधी हसलो. मग हसू आटलं.

पुस्तकात जट नुसती वाचायची असते. मुक्ता बर्वेच्या डोक्यावर ती दिसली, तशी गटातली एक बाई रडायलाच लागली. तिच्या धाकटीच्या केसांत तसाच गुंता झालेला. आजी म्हणायची, पोरगी आईची आहे, हात लावू नका. तुळजापूरच्या मुलखात परडी आणि कवड्यांची माळ घरोघरी, त्यामुळं ही भीती खोल. खरं तर विंचरणं राहिलं, मळ साचला, की केस गुंततात. आणि मुलीला देवाला सोडायला 2005 च्या कायद्यानं बंदी आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी कात्री घेऊन गेलो. आजी दारातून उठली नाही, पण आम्हाला अडवलंही नाही. जट निघाली तशी पोरगी कितीतरी वेळ मान हलवून बघत होती.